धुळीचे मूळ गाव शोधताना : प्रस्तावना

पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावर ‘डोम सी’ नावाचे एक ठिकाण आहे. युरोपातील दहा देशांच्या ‘एपिका’ प्रकल्पाने १९९६ ते २००४ या काळात तेथे बर्फात ३,२०० मीटरांहून खोल छिद्र घेतले आणि बर्फाचे लांब दंडगोल एकामागून एक वर काढले. त्यांतला सर्वांत खालचा बर्फ सुमारे ८ लाख वर्षांपूर्वी हिम होऊन पडलेला होता. त्यात जुन्या हवेचे बुडबुडे आहेत, समुद्राचे मीठ आहे, ज्वालामुखींचे गंधकाम्ल आहे आणि थोडीशी माती आहे. ही माती तेथे आली कशी? पठार समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरांहून उंच, त्याखाली तेवढाच जाड बर्फ आणि शेकडो किलोमीटरांत उघडी जमीन नाही. म्हणजे या मातीचा जवळजवळ प्रत्येक कण कोणत्या तरी दूरच्या भूमीवरून उठला, महासागर ओलांडून वाऱ्यावर आला आणि हिमाबरोबर खाली बसला. ती भूमी कोणती, हा या पुस्तकाचा विषय आहे.

जळगाव, धुळे आणि आसपासच्या महाविद्यालयांत भूगोल, भूशास्त्र, रसायनशास्त्र किंवा कृषी शिकणाऱ्या मुलामुलींना डोळ्यांसमोर ठेवून हे पुस्तक लिहिले आहे. ध्रुवाचा विषय आणि वाचक तापीकाठचा, ही जोडी पहिल्यांदा विचित्र वाटेल. पण या विद्येचा गाभा एका वाक्यात सांगायचा तर तो असा : बर्फातला कण स्वतःचे गाव सांगत नाही, आपण जगभरच्या ज्या माती आधीच गोळा करून, मोजून ठेवल्या आहेत, त्यांपैकी कोणती त्याच्याशी जुळते आणि कोणती जुळत नाही, एवढेच कळते. त्यामुळे या शास्त्राचे निम्मे काम बर्फात होते आणि निम्मे जमिनीवर. जमिनीवरचे निम्मे काम शिकायला खानदेशासारखी दुसरी शाळा मिळणे कठीण आहे. ते का, हे पुढच्या पानांत सांगतो.

या विद्येचा एक जुना धडा चार्ल्स डार्विनच्या प्रवासात सापडतो. जानेवारी १८३२मध्ये ‘बीगल’ जहाज आफ्रिकेच्या पश्चिमेकडील केप व्हर्दे बेटांपाशी पोहोचले, तेव्हा हवेत तपकिरी रंगाची बारीक धूळ भरली होती. डार्विनने ती जपून ठेवली. पुढे बर्लिनच्या एहरेनबर्ग या सूक्ष्मजीवतज्ज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातील सूक्ष्मजीवांची कवचे पाहिली. वाऱ्याची दिशा स्पष्टपणे आफ्रिकेकडे बोट दाखवत होती. पण एहरेनबर्गला माहीत असलेल्या खास आफ्रिकी प्रजातींपैकी एकही धुळीत नव्हती. उलट, तोपर्यंत केवळ दक्षिण अमेरिकेत आढळलेल्या दोन प्रजाती तिच्यात होत्या. आज आपण त्या भागातली धूळ सहाराची म्हणून ओळखतो. एहरेनबर्गची नजर चुकली नव्हती. त्याच्या हाताशी असलेला आफ्रिकेचा संग्रह अपुरा होता, आणि अपुऱ्या संग्रहाशी ताडून पाहिलेला चांगला पुरावाही उलट्या दिशेला नेतो. हा प्रसंग वाचकाने लक्षात ठेवावा. पुढे यंत्रे कितीही बदलली, तरी ही अडचण तीच राहते.

आता कणाकडे वळू. पहिला साक्षीदार म्हणजे त्याचे आकारमान. वारा माती उचलतो तेव्हा तो तिची निवडही करतो. खळ्यावर उफणणी करताना दाणा पायाशी पडतो आणि भुसा लांब जातो, तसेच येथे घडते : जाड वाळू काही पावलांवर पडते, मध्यम कण काही शे किलोमीटर जातात आणि अगदी बारीक चिकणमातीचे कण उंच हवेत शिरून खंडे ओलांडतात. म्हणून अंटार्क्टिकाच्या पठारावरच्या धुळीचा नेहमीचा व्यास २ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे पाचशेव्या भागाएवढा असतो. कणांचे हे आकारमान प्रवासाविषयी आणि वाऱ्याच्या जोराविषयी सांगते. गावाविषयी फारसे नाही. पण त्यातून कामाचा एक नियम निघतो. बर्फातल्या धुळीशी तुलना करायची असेल तर शेतातली माती जशीच्या तशी घेऊन चालत नाही. तिच्यातून ५ मायक्रॉनपेक्षा बारीक भाग वेगळा काढावा लागतो, कारण एकाच मातीच्या जाड आणि बारीक भागांत खनिजे वेगळी असतात आणि रसायनही थोडे वेगळे निघते. सुरुवातीच्या काळातल्या काही तुलना याच कारणाने लंगड्या ठरल्या.

दुसरा साक्षीदार म्हणजे चिकणमातीची खनिजे. उष्ण आणि भरपूर पावसाच्या प्रदेशात खडक खोलवर कुजतो तेव्हा केओलिनाइट तयार होते. थंड किंवा कोरड्या प्रदेशात खडक नुसता भरडला जातो आणि इलाइट व क्लोराइट टिकून राहतात. बेसाल्टच्या खडकावर, आलटून पालटून ओल आणि कोरड मिळणाऱ्या जमिनीत स्मेक्टाइट गटाची खनिजे वाढतात. ही शेवटची ओळ खानदेशच्या विद्यार्थ्याला समजावून सांगायला नको. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, चिकट होते, आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या या खनिजामुळेच. अरबी समुद्राच्या तळावरच्या गाळातही हा फरक दिसतो. सिंधू नदीने आणलेल्या गाळात इलाइट आणि क्लोराइट अधिक, तर भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, जेथे तापी आणि नर्मदा दख्खनच्या बेसाल्टची माती ओततात तेथे, स्मेक्टाइट अधिक. समुद्रतळाचा एक चमचा चिखल एक्स-रे यंत्राखाली ठेवला की तो हिमालयाच्या बाजूचा आहे की आपल्या बाजूचा, याचा प्राथमिक अंदाज येतो. ध्रुवीय बर्फातही तीच रीत वापरतात. फक्त तेथे चमचाभर माती मिळत नाही.

ती किती मिळते, हे एकदा आकड्यांत पाहावे. हिमयुगाच्या ऐन थंडीत पडलेल्या अंटार्क्टिकाच्या एक किलो बर्फात एक मिलिग्रॅमहून थोडी कमीच धूळ असते. गेल्या दहा-अकरा हजार वर्षांच्या उबदार काळातल्या बर्फात ती मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाच्या आसपास उतरते. म्हणून बर्फ कापण्यापासूनच सोवळे सुरू होते. दंडगोलाचा बाहेरचा थर, ज्याला छिद्र पाडताना वापरलेले द्रव आणि माणसांचे हात लागलेले असतात, तो तासून टाकतात. आतला गाभा स्वच्छ खोलीत वितळवतात. कण मोजून गाळणीवर धरतात. प्रयोगशाळेच्या हवेतली आजची धूळ नमुन्यात शिरली, तर हजारो वर्षांचा पुरावा तिच्याखाली बुडून जातो.

तिसरा साक्षीदार सर्वांत भरवशाचा मानला जातो : समस्थानिके. खडकातले रुबिडियम-८७ हे अतिशय संथपणे क्षय पावून स्ट्रॉन्शियम-८७ बनते. त्याचे अर्धायुष्य सुमारे ४,९०० कोटी वर्षे आहे. समेरियम-१४७ याहूनही संथपणे निओडिमियम-१४३ बनते. खंडांच्या जुन्या ग्रॅनाइटी कवचात रुबिडियम भरपूर असते, म्हणून अब्जावधी वर्षांत त्याचे स्ट्रॉन्शियम-८७ आणि स्ट्रॉन्शियम-८६ यांचे गुणोत्तर वाढत जाते. पृथ्वीच्या प्रावरणातून अलीकडे वर आलेल्या लाव्हांत ते कमी राहते. निओडिमियमची गोष्ट उलट दिशेने जाते. वाऱ्यावर हजारो किलोमीटर गेल्याने निओडिमियमचे गुणोत्तर जवळजवळ बदलत नाही. स्ट्रॉन्शियमचे कणाच्या आकारानुसार थोडे हलते, आणि म्हणूनच वर सांगितलेला ५ मायक्रॉनचा नियम. दोन्ही गुणोत्तरे एका आलेखावर मांडली की जगातल्या धूळप्रदेशांचे वेगवेगळे पट्टे दिसू लागतात.

येथे खानदेशाची शाळा सुरू होते. सह्याद्रीपासून सातपुड्यापर्यंतचा काळा दगड डोळ्यांना सगळा सारखाच दिसतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेला हा दख्खनचा लाव्हा. पण १९८०च्या दशकात भूरसायनशास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातल्या थरांची मूलद्रव्ये आणि समस्थानिके मोजली, तेव्हा त्यांचे गट वेगळे पडू लागले. त्यांना घाटातल्या गावांची नावे मिळाली : जव्हार, इगतपुरी, नेरळ, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. आंबेनळी गटाचे स्ट्रॉन्शियम गुणोत्तर ०.७०४च्या आसपास, म्हणजे प्रावरणातून वर येताना वाटेतल्या कवचाचा फारसा स्पर्श न झालेला लाव्हा. बुशे गटाचे मात्र ०.७१३पासून ०.७२०च्या जवळ जाते, कारण वर येताना त्या लाव्हाने जुने ग्रॅनाइटी कवच वितळवून आपल्यात घेतले. एकाच डोंगरातल्या दोन काळ्या दगडांचा इतिहास एवढा निराळा असतो आणि तो दुसऱ्या-तिसऱ्या दशांश स्थळावर लिहिलेला असतो.

धुळ्याहून साक्रीकडे किंवा पारोळ्याकडे जाताना माळावर पूर्व-पश्चिम पसरलेल्या, अरुंद आणि सरळ दगडी धारा दिसतात. भूशास्त्रात त्यांना डाईक म्हणतात. जमिनीला पडलेल्या उभ्या भेगांतून लाव्हा वर आला, काही भेगांतच गोठला. पुढे भोवतालचा कुजका, ठिसूळ दगड झिजून गेला आणि हा कठीण दगड भिंतीसारखा उभा राहिला. आयआयटी मुंबईचे हेतू शेठ आणि त्यांचे सहकारी रंजिनी रे व ज्योतिर्मय मल्लिक यांनी २००७ साली नंदुरबार-धुळे परिसराच्या सुमारे १४,५०० चौरस किलोमीटर क्षेत्रात एक किलोमीटरपेक्षा लांब असे २१० डाईक नोंदवले. त्यांची जाडी ३ ते ६२ मीटर. सर्वांत लांब डाईक साक्री-धुळे-पारोळा असा ७९ किलोमीटर पसरलेला. यांतल्या कोणत्या भेगेने वर कोणता थर ओतला असावा, हा प्रश्न मूळ शोधण्याचाच आहे. पुढे संशोधकांनी डाईक आणि लाव्हाथर यांची मूलद्रव्ये व समस्थानिके समोरासमोर ठेवली. त्यातून मिळालेला धडा धुळीलाही लागू आहे : मूलद्रव्यांत जुळणारे दोन दगड समस्थानिकांतही जुळतीलच असे नाही. एका कसोटीवर उतरलेला दावा दुसरीवर तपासावा, आणि दोन्हींत जुळला तरी ‘याच प्रकारचा’ एवढेच म्हणावे. ‘यातूनच’ असे म्हणायला नकाशावरचा पुरावाही लागतो. याच रीतीने सिद्ध झालेली आणखी एक गोष्ट सांगतो. गोदावरीच्या मुखाजवळ राजमहेंद्रीला जो बेसाल्ट सापडतो, त्याचे रसायन पश्चिम घाटातल्या वरच्या थरांशी जुळते. तो लाव्हा जवळजवळ हजार किलोमीटर वाहत गेला असावा, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात.

आता हीच हत्यारे घेऊन ध्रुवावर जाऊ. १९९२ साली ग्रुसे आणि सहकाऱ्यांनी डोम सी येथील सुमारे १८,००० वर्षांपूर्वीच्या धुळीची स्ट्रॉन्शियम-निओडिमियम गुणोत्तरे मोजली. १९९७ साली बाझील आणि सहकाऱ्यांनी पूर्व अंटार्क्टिकातलेच वोस्तोक आणि डोम सी या दोन्ही ठिकाणच्या हिमयुगीन धुळीची तुलना ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड आणि दक्षिण अमेरिकेच्या मातीशी केली. उत्तर निघाले पॅटागोनिया, दक्षिण अमेरिकेचे दक्षिण टोक. त्या काळी अँडीजच्या हिमनद्या दगड भरडून त्याचे पीठ मैदानांवर सोडत होत्या आणि पश्चिमेचे जोराचे वारे ते उचलून नेत होते. या धुळीचे स्ट्रॉन्शियम गुणोत्तर साधारण ०.७०८ ते ०.७११ असे येते. येथे थांबून एक प्रयोग करावा. आपल्या पोलादपूर गटाच्या काही लाव्हांचे गुणोत्तरही याच पट्ट्यात बसते. केवळ हा एक आकडा घेऊन कोणी अंटार्क्टिकाची धूळ रायगड जिल्ह्याची ठरवली, तर आकडा त्याला अडवणार नाही. अडवतील ते इतर साक्षीदार : खनिजे, निओडिमियम आणि शिसे यांची समस्थानिके, गोलार्धांतले वाऱ्यांचे मार्ग. एक संख्या जुळली म्हणून गाव सापडले असे मानण्याचा मोह या क्षेत्रात वारंवार होतो. त्यावर उपाय म्हणून हे उदाहरण मुद्दाम घरचे निवडले आहे.

उत्तर ध्रुवाकडची गोष्ट अजून मिटलेली नाही. ग्रीनलंडच्या मध्यभागी, शिखरावर, १९९२ साली ग्रिप आणि १९९३ साली जिस्प-२ अशी दोन छिद्रे तीन हजार मीटरांहून खोल गेली. १९९७ साली पिअर बिस्के आणि सहकाऱ्यांनी जिस्प-२मधील गेल्या हिमयुगाच्या धुळीची खनिजे आणि समस्थानिके पूर्व आशियाच्या वाळवंटांशी, अलास्काशी, युक्रेन आणि अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या वाऱ्याने आणलेल्या मातीशी ताडून पाहिली, आणि पूर्व आशियाच्या बाजूने कौल दिला. अनेक वर्षे हेच पाठ्यपुस्तकी उत्तर होते. २०१५ साली उयवारी आणि सहकाऱ्यांनी मध्य युरोपातल्या अशाच मातीचे बारीक भाग मोजले आणि दाखवले की तीही जुळते. म्हणजे उमेदवार दोन उरतात. बर्फ तोच, पण संग्रह वाढला आणि उत्तर सैल झाले. एहरेनबर्गचा धडा येथे पुन्हा गिरवला गेला. सर्व माती पाहिल्याशिवाय कोणत्याही मातीला दोषी ठरवू नये, हे या शास्त्राचे शील आहे.

महाराष्ट्राच्या मातीतही दूरदेशी धूळ सापडली आहे, आणि तिने आपल्याकडच्या संशोधकांना अनेक वर्षे कामाला लावले. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे, गाळाच्या थरात, पांढरट ज्वालामुखी राख आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे शरद राजगुरू, रवी कोरिसेट्टर आणि त्यांचे सहकारी यांनी तिचा अभ्यास केला. राखेच्या संगतीत अश्युलियन प्रकारची, म्हणजे आदिमानवाच्या हातकुऱ्हाडींच्या परंपरेतली, दगडी हत्यारे होती, म्हणून तिचे वय हा माणसाच्या प्राचीनतेचा प्रश्न बनला. पहिल्या मापनाने १४ लाख वर्षे दाखवली, दुसऱ्या पद्धतीने सुमारे ६.७ लाख. मग राखेच्या बारीक काचकणांचे रसायन तपासले गेले. १९९८ साली जॉन वेस्टगेट आणि सहकाऱ्यांनी मांडले की भारतीय द्वीपकल्पातली अशी सगळी राख एकाच उद्रेकाची आहे : सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीचा सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीचा महास्फोट. टोबा ते बोरी हे अंतर ३,००० किलोमीटरांहून अधिक. सगळ्यांनी हे लगेच मान्य केले असे नाही. नदी जुनी राख उचलून नव्या थरात टाकते, नवी राख जुन्या हत्यारांवर आणून पसरते. त्यामुळे राखेचे गाव ठरले तरी शेजारच्या हत्याराचे वय आपोआप ठरत नाही. कण कोठून आला आणि तो येथे केव्हा बसला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे बोरीइतके स्पष्टपणे दुसरे कोणतेही ठिकाण शिकवत नाही.

टोबाचा मागोवा ध्रुवीय बर्फातही घेतला गेला. तेथे काचकणांऐवजी गंधकाम्लाच्या तीव्र खुणा कामी आल्या. २०१३ साली स्वेन्सन आणि सहकाऱ्यांनी सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या अशा खुणा ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका या दोन्हीकडच्या बर्फात एकमेकींशी जुळवल्या. बर्फाला नदीसारखी उलथापालथ करण्याची सवय नाही, म्हणून त्यातला क्रम जवळजवळ शाबूत राहतो. गाळात कण ठळक, पण काळ धूसर. बर्फात काळ नेमका, पण कण नगण्य. दोन्हीकडचे पुरावे एकत्र आले की वाक्य पुरे होते.

काळाविषयी आणखी एक नोंद खानदेशातली. चाळीसगाव तालुक्यात, सातमाळा-अजिंठा रांगेच्या पायथ्याशी पाटणे येथे १९७०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी उत्खनन केले. उत्तर पुराश्मयुगाच्या थरात शहामृगाच्या अंड्यांची कवचे सापडली. काहींचे मणी केलेले, एकावर रेघांची नक्षी कोरलेली. त्यांचे रेडिओकार्बन वय सुमारे २५,००० वर्षे. चाळीसगावच्या परिसरात शहामृग चरत होते, म्हणजे येथे मोकळी, गवताळ, आजच्यापेक्षा कोरडी भूमी असली पाहिजे. नेमक्या याच सुमारास अंटार्क्टिकाच्या बर्फात धुळीचे प्रमाण शिगेला पोहोचले होते. हिमयुगाच्या थंड टप्प्यांत दरवर्षी खाली बसणारी धूळ उबदार काळाच्या सुमारे २५ पट होती. त्यामागची कारणेही कळली आहेत : पाऊस कमी, त्यामुळे झाडोरा विरळ, वारे जोरकस, हिमनद्यांचे भरडकाम वाढलेले, आणि हवेतली धूळ धुऊन काढणारा पाऊस घटल्याने ती अधिक दूर जाणारी. पाटण्याची माती अंटार्क्टिकात गेली, असा याचा अर्थ नाही आणि तसा पुरावाही नाही. अर्थ एवढाच की पृथ्वीभर कोरडेपणा वाढला होता, आणि त्याची एक नोंद बर्फात झाली तशी दुसरी आपल्या तालुक्यात झाली. हे दोन दाखले शेजारी ठेवून वाचणे हे पुराहवामानशास्त्राचे रोजचे काम आहे.

भारताच्या दुष्काळाची धूळ बर्फात सापडल्याचे उदाहरणही आहे. फक्त तो बर्फ ध्रुवावरचा नसून हिमालयाच्या माथ्यावरचा आहे. तिबेटच्या बाजूला, शिशापांग्माजवळच्या दासुओपू हिमनदीवर १९९७ साली लॉनी थॉम्पसन यांच्या चमूने सुमारे ७,२०० मीटर उंचीवर बर्फाचे गाभे काढले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात धूळ आणि क्लोराइड यांची मोठी वाढ १७९० ते १७९६ या वर्षांत दिसते. इतिहासाच्या पुस्तकांत याच काळात, १७९१-९२ साली, दक्षिणेत ‘डोजी बरा’ म्हणजे कवट्यांचा दुष्काळ पडल्याची नोंद आहे. मान्सून रुसला, जमीन उघडी पडली, धूळ उठली आणि तिचा अंश हिमालयाच्या बर्फात जाऊन बसला. आपल्याकडची दप्तरे आणि तिकडचा बर्फ यांची ही भेट इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही या क्षेत्रात जागा करून देते. बर्फातल्या वर्षाची मोजणी बरोबर आहे का, हे तपासायला त्याच्यासारखा माणूस लागतोच.

हे सगळे परदेशी प्रयोगशाळांतच चालते, असे वाचकाने समजू नये. पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम १९८१ साली डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली निघाली. १९८३-८४च्या तिसऱ्या मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या आणि पुणे विद्यापीठात शिकलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत होत्या. त्यांच्यासोबत भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकात पाऊल ठेवणाऱ्या या पहिल्या भारतीय महिला. आज तेथे ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही आपली केंद्रे आहेत. गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात बर्फाचे गाभे शीतगृहात ठेवून अभ्यासले जातात, आणि ड्रॉनिंग मॉड लँड या भागातल्या बर्फातली धूळ व रसायने यांवर तेथील संशोधकांनी काम प्रसिद्ध केले आहे. २०१६पासून याच संस्थेचे ‘हिमांश’ हे केंद्र स्पितीत आहे. जळगावहून वास्को रेल्वेने गाठता येते. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात पर्यावरण आणि भूविज्ञान शिकवले जाते. वाट लांब आहे, पण बंद नाही.

तरी पहिली पायरी ध्रुवावर नाही. ती बांधावर आहे. पुस्तकाचा तिसरा भाग म्हणूनच माती गोळा करण्यावर आहे, आणि तो वाचकाने आधी वाचला तरी हरकत नाही. येथे त्यातले चार मुद्दे सांगतो. नमुना रस्त्यालगतचा किंवा रासायनिक खत पडलेल्या शेतातला घेऊ नये. सुपर फॉस्फेटमध्ये खाणीतल्या फॉस्फेट खडकाचे स्ट्रॉन्शियम आणि निओडिमियम असते, आणि ते आपल्या मातीचे उत्तर बिघडवते. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे असतात. ते सौम्य आम्लाने काढून टाकल्याशिवाय समस्थानिके मोजू नयेत, कारण चुनखडीतले स्ट्रॉन्शियम मूळ दगडाचे नसून पाण्याने आणलेले असू शकते. बारीक भाग वेगळा करायला महागडे यंत्र लागत नाही : २० अंश तापमानाच्या स्थिर पाण्यात २ मायक्रॉनचा कण १० सेंटिमीटर खाली जायला सुमारे ८ तास घेतो, या एका नियमावर कृषी महाविद्यालयातली साधी काचेची नळीही काम करते. आणि प्रत्येक पिशवीवर अक्षांश-रेखांश, खोली, तारीख, खालचा दगड आणि जमिनीचा वापर लिहिलाच पाहिजे. यावल-रावेरच्या गाळाची माती, धुळ्याच्या डाईकजवळचा मुरूम, सातपुड्याच्या पायथ्याची भरड जमीन, पाटण्याच्या ओढ्याकाठचा थर : हे चार नमुने नीट हाताळले की खनिज, आकार आणि रसायन या तीनही कसोट्या खानदेशाच्या परिघात शिकून होतात.

पुस्तकातली काही उत्तरे अजून तात्पुरती आहेत. ग्रीनलंडच्या हिमयुगीन धुळीत युरोपचा वाटा किती? अंटार्क्टिकाच्या उबदार काळातली धूळ एका गावची की अनेक गावांच्या मिश्रणाची, आणि त्यात ऑस्ट्रेलिया किती? कण इतके थोडे असताना मिश्रणाचे प्रमाण किती विश्वासाने सांगता येते? या प्रश्नांवर मते मांडताना जेथे एकमत नाही तेथे तसे स्पष्ट लिहिले आहे. अशा ठिकाणी वाचकाने लेखकाचा कौल न पाहता तुलनेसाठी कोणत्या मातीचे नमुने घेतले होते आणि कोणत्या राहून गेल्या, ते पाहावे. त्या यादीत जी जागा रिकामी दिसेल, तेथून स्वतःचे काम सुरू करावे. पुढच्या आवृत्तीत या पुस्तकातले एखादे प्रकरण कोणा खानदेशी विद्यार्थ्याच्या नमुन्यांमुळे बदलावे लागले, तर लेखनाचे सार्थक झाले असे मी समजेन.